ॲबेचा नियम मोडला नाही, त्याला वळसा घातला

‘तरंगलांबीच्या निम्म्याहून लहान वस्तू प्रकाशाने दिसत नाही हा नियम 2014 मध्ये अचानक खोटा ठरला, त्यालाच नोबेल मिळालं, आता (प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणारे) इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप भंगारात काढा’ अशा आशयाची पोस्ट पुन्हा फिरतेय. एकाच वाक्यात तीन घोटाळे.

नियम खोटा ठरला? नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट ॲबेने 1873 मध्ये सांगितलं ते असं: भिंगातून पाहिलेला बिंदू विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाशलहरी कडेशी वळून पसरत असल्यामुळे, पसरट दिसतो. हिरव्या प्रकाशात, उत्तम भिंगानेही, साधारण 200 नॅनोमीटरचा (मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढा) डाग. नोबेलविजेत्या एरिक बेट्झिगच्या यंत्रातही प्रत्येक रेणूचा डाग तेवढाच पडतो. त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ लांबून पाहिलीत तर पणत्या वेगळ्या दिसत नाहीत, उजेडाचा पट्टा दिसतो. पण एकेक पणती आळीपाळीने पेटवली, प्रत्येक डागाचा मध्य कागदावर टिंबाने मांडला, तर? हजारो टिंबांतून दीपमाळ उभी राहते. बेट्झिग चमकणाऱ्या रेणूंबाबत हेच करतो. एका रेणूकडून 100 फोटॉन (प्रकाशकण) मिळाले तर मध्य डागाच्या रुंदीच्या साधारण दहाव्या भागापर्यंत नेमका कळतो. डाग मात्र तसाच. त्याच नोबेलचा दुसरा मानकरी श्टेफान हेल, त्याची युक्ती निराळी: मेदूवड्याच्या आकाराचा दुसरा लेसर झोत कडेच्या रेणूंची चमक विझवतो, मधल्या भोकातले तेवढे चमकतात.

2014 ला अचानक घडलं? तेही नाही. नियमाला वळसा घालायचे प्रयत्न जुने आहेत. आयरिश संशोधक एडवर्ड सिंजने 1928 मध्येच सुचवलं होतं की तरंगलांबीहून बारीक छिद्र वस्तूला जवळजवळ टेकवा, म्हणजे प्रकाश पसरण्याआधीच पकडता येईल. 1972 मध्ये ॲश आणि निकोल्स यांनी 3 सेंटिमीटर तरंगलांबीच्या सूक्ष्मलहरींवर (मायक्रोवेव्ह) ते करून दाखवलं, 1984 मध्ये झुरिकजवळ डीटर पोलने दृश्य प्रकाशात. बेट्झिगही आधी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत याच छिद्रांच्या मागे होता. वैतागून सोडलं आणि वडिलांच्या यंत्रांच्या कंपनीत गेला.

आणि भंगार? छिद्राजवळचा तो प्रकाश काही डझन नॅनोमीटरमध्येच विरतो, म्हणून पृष्ठभागच दिसतो, पेशीच्या पोटातलं नाही. नोबेलवाल्या पद्धतींत चमकणारं रसायन चिकटवलेले रेणू तेवढे दिसतात, बाकी अंधार. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सगळा सांगाडा दाखवतो, पण निर्वात पोकळीत. तिथे पेशी जिवंत राहत नाही. एकाचं काम दुसऱ्याने भागत नाही.

पोस्टसोबत करोना विषाणूचा झकास रंगीत फोटो आहे. तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनेच काढलेला दिसतो. इलेक्ट्रॉनला रंग कळत नाहीत; ते नंतर संगणकावर भरलेत.