केजन म्हणजे काळा मासा? एक खुलासा
‘मसाला माखून तापल्या बिडाच्या तव्यावर काळपट भाजलेला मासा हा अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या केजन (फ्रेंच वंशाच्या स्थानिक समाजाच्या) घरांचा शेकडो वर्षं जुना पदार्थ’ असं सांगणारी रील फिरतेय. तसं नाही. ही पद्धत पॉल प्रुडोम या शेफनं १९८०च्या सुमारास न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या रेस्टॉरंटात गाजवली. त्यांच्या १९८४च्या पुस्तकात कृतीसोबत इशाराच आहे: धूर ओढणारं मोठं यंत्र नसेल तर स्वयंपाकघर धुरानं भरेल. ही घरगुती रांधण्याची खूण नव्हे! प्रुडोम स्वतः लुइझियानातल्याच ओपेलुसास गावचे, केजन घरातलेच. म्हणून पदार्थ खोटा नाही, फक्त जुना नाही. घरी शिजतं ते गंबो, म्हणजे दाटसर रस्सा: तेलात पीठ तांबूस परतायचं, मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, सोबत भात. रील पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर खाली हे जोडा.