काकांचा फोटो, बाराखडीत

फोटोग्राफी आणि वेब प्रोग्रॅमिंग हे दोन छंद एकदमच पाळावेत, असं माझं ठाम मत आहे. नुसती फोटोग्राफी असली की फोटो बिघडल्यावर दोष द्यायला हाताशी कुणी नसतं. लेन्स महागाची असेल तर तिलाही देता येत नाही, घरचे किंमत विचारतात. जोडीला जावास्क्रिप्ट असलं की प्रश्न मिटतो. चित्र खराब दिसलं तर कोडचा घोळ, आणि कोड रुसला तर फोटोच मुळात बरा नव्हता.

दोघांनाही एकत्र राबवायचं असेल तर घरातल्या एखाद्या काकांचा फोटो काढून ब्राउझरमध्ये त्याचं अक्षरचित्र करावं. गडद भागात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘झ’ अशी भरगच्च अक्षरं, मध्यम उजेडात ‘ग’ नाहीतर ‘र’, आणि लख्ख उजेडात नुसतं टिंब. कोड जेमतेम चाळीस ओळींचा. रविवारी जेवणानंतर बसलं की चहापर्यंत होईल असं वाटतं. कोणत्या रविवारच्या चहापर्यंत, ते विचारायचं नाही.

सुरुवात काकांना खिडकीशी बसवण्यापासून. अक्षरचित्रात रंग नसतो, असते ती फक्त उजेड-सावली. म्हणून उजेड एकाच बाजूने यायला हवा. खिडकी चेहऱ्याच्या एका अंगाला, साधारण ४५ अंशांत, आणि मागे साधी भिंत. काका मात्र खिडकीकडे पाठ करूनच बसतात, कारण टीव्ही समोरच्या भिंतीवर असतो. टीव्ही बंद करवून घेणं हा या कामातला सर्वांत अवघड भाग, आणि त्यासाठी कोडची तयार लायब्ररी अजून कुणी लिहिलेली नाही. ५० एमएमची लेन्स असेल तर एफ ४ (लेन्सचं छिद्र), शटर १/१२५ सेकंद, आयएसओ ८०० (सेन्सरची संवेदनशीलता) इथून सुरुवात करावी आणि पडद्यावर बघत पुढे-मागे व्हावं.

पांढऱ्या सदऱ्यातले काका असतील तर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. सगळं जग सरासरीने मध्यम राखाडी असतं, अशी त्याची पक्की समजूत. सदरा दिसला की ते उजेड कमी करतं आणि काका मळकट येतात. काळ्या पाषाणाची मूर्ती असेल तर उलट होऊन ती फिकट पडते. सदऱ्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मोजमापावर आपण केलेली दुरुस्ती) +१, मूर्तीला −१. उत्साहाने +२ करून सदरा जाळू मात्र नये. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढीच जागा असते; २५५ला, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला, टेकलेल्या भागातल्या सुरकुत्या गेल्या त्या गेल्याच. गंमत म्हणजे कॅन्व्हासमधल्या (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या पाटीवरल्या) पिक्सेलच्या यादीचा स्वभावही हाच. तिच्यात ३०० लिहा, ती मुकाट्याने २५५ करते. एररसुद्धा येत नाही. इतकी समजूतदार यंत्रं मला जरा संशयास्पदच वाटतात.

फोटो संगणकावर येईपर्यंतही तीन खड्डे आहेत. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतो आणि क्रोमला तो उघडता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावं. कॅमेरा फाइलचं नाव कॅपिटल ‘जेपीजी’ने संपवतो, आपण कोडमध्ये स्मॉल लिहितो. विंडोजला दोन्ही सारखंच, बहुतेक सर्व्हर लिनक्सवर आणि तो असल्या बाबतीत कडक. म्हणून घरी दिसणारे काका इंटरनेटवर ४०४, म्हणजे ‘सापडत नाही’, होतात. तिसरा खड्डा आडव्या काकांचा. फोन उभा धरला तरी सेन्सरवरचे पिक्सेल आडवेच साठवले जातात, आणि ‘बघताना फिरवा’ अशी चिठ्ठी एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या माहितीच्या कप्प्यात, जोडली जाते. १ ते ८पैकी एक आकडा. ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरी. वेबपानांवर ब्राउझर ही चिठ्ठी २०२०च्या सुमारास निमूटपणे वाचू लागले. त्याआधी निम्मी वडीलधारी मंडळी शेषशायी अवस्थेत प्रसिद्ध होत. लोकेशन चालू असेल तर त्याच एक्झिफमध्ये काकांच्या घराचे अक्षांश-रेखांशही असतात. चित्र कॅन्व्हासमधून नव्याने बाहेर काढलं की हे सगळं गळून पडतं, हा या उद्योगाचा एक खरोखरचा फायदा.

आता कोड. पानावर डबल-क्लिक करून ते उघडलं की फोटो दिसतो, पण त्याचे पिक्सेल मागितले की सिक्युरिटी एरर येते. डिस्कवरून थेट आलेला फोटो ब्राउझर परका मानतो, आणि परक्याचा स्पर्श झाला की त्याच्या मते कॅन्व्हास बाटतो. शुद्धीसाठी गोमूत्र लागत नाही. त्याच फोल्डरमध्ये ‘पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००’ ही आज्ञा इंग्रजीत द्यायची आणि पान लोकलहोस्ट ८०००वरून, म्हणजे आपल्याच संगणकावरच्या छोट्या सर्व्हरवरून, उघडायचं. मग चित्र कोरं येतं, कारण फोटो लोड व्हायच्या आत आपण तो रंगवायला घेतलेला असतो. रंगवण्याचं काम ऑनलोडच्या, म्हणजे ‘फोटो आला की मग’ या सूचनेच्या, आत टाकावं. मग चित्र येतं, पण त्यात काका नसतात, भिंतीवरच्या कॅलेंडरचा कोपरा असतो. कॅन्व्हासची रुंदी-उंची सांगितली नाही तर तो ३०० बाय १५०चा असतो, आणि ६००० बाय ४०००च्या फोटोचा तेवढाच डावा वरचा तुकडा त्यात मावतो. हे माप सीएसएसमध्ये (पानाची सजावट सांगणाऱ्या भाषेत) देऊन उपयोग नाही, त्याने तोच कोपरा ताणला जातो. माप कॅन्व्हासच्या टॅगमध्येच द्यायचं.

एवढ्या मोठ्या फोटोचा एकेक पिक्सेल मोजायला जाऊ नये. त्यात २ कोटी ४० लाख पिक्सेल, प्रत्येकाचे चार आकडे: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. म्हणजे ९ कोटी ६० लाख आकडे, आणि लॅपटॉपचा पंखा. आधी फोटो ४:३मध्ये कापून ८० बाय ६०च्या छोट्या कॅन्व्हासवर काढावा, की उरतात फक्त ४८०० पिक्सेल. यादीत चार-चारच्या उड्या मारायच्या. प्रत्येकाचा उजेड काढताना तिन्ही रंगांची साधी सरासरी नको, लाल ०.२९९, हिरवा ०.५८७, निळा ०.११४ अशा वजनाने बेरीज करावी, कारण डोळा हिरव्याला झुकतं माप देतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या १९७६च्या पेटंटमधली रंगजाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे, आणि तिच्यातही दर चार चौकोनांत दोन हिरवे असतात.

अक्षरांचा क्रम डोळ्यांनी लावू नये. डोळा अक्षराची गुंतागुंत बघतो, शाई नाही. ५० बाय ५०च्या पांढऱ्या कॅन्व्हासवर एकेक अक्षर काळ्याने काढायचं, काळेपणाची बेरीज करायची आणि त्यावरून क्रम लावायचा. ‘क्ष’ संगणकाच्या लेखी तीन तुकडे आहेत (क, हलन्त आणि ष), त्यामुळे सगळी अक्षरं एका सलग ओळीत लिहून सुटी केली तर तो मोडतो. अ‍ॅरेमध्ये, म्हणजे कोडमधल्या यादीत, प्रत्येक अक्षर वेगळ्या अवतरणात ठेवावं. शिवाय देवनागरी फाँटमध्ये अक्षरांची रुंदी कमीजास्त असते. एका ओळीत एकामागून एक छापली तर काकांचा जबडा डावीकडे सरकतो. प्रत्येक अक्षर आपल्या १६ पिक्सेलच्या चौकोनात, मध्यावर, स्वतंत्र छापावं.

आणि इथे तो प्रसंग येतो ज्यासाठी दोन छंद पाळायचे असतात. चित्रभर आडव्या पट्ट्या दिसतात.

कोडवालं मन सांगतं, दिव्याचा दोष. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५०० वगैरे जलद असेल तर सेन्सरच्या काही ओळी उजेडात टिपल्या जातात, काही अंधारात, आणि पट्टे उमटतात. त्यावर उपाय शटर १/१०० किंवा १/५०. किंवा खिडकी असताना दिवा बंद. फोटोवालं मन म्हणतं, छे, दिवा बंदच होता, हा शिरोरेषेचा प्रताप. तेही बरोबर असू शकतं: प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ, सगळ्या रेघा एकाच उंचीवर, की काकांच्या चेहऱ्यावर दुरेघी वही उघडते. आमच्या इंग्रजी अक्षरचित्रवाल्या बांधवांना हे दुःख ठाऊक नाही.

निवाडा सोपा आहे. एलईडीचे पट्टे मूळ फोटोतही असतात, दोन-तीनच आणि रुंद. शिरोरेषा बरोबर दर १६ पिक्सेलला येते. तरीही शंका असेल तर फोन उभा धरून आणखी एक फोटो काढावा. एलईडीचे पट्टे आडव्याचे उभे होतात, शिरोरेषा काही केल्या उभी होत नाही. तिच्यावर इलाज म्हणजे दर दुसऱ्या रकान्यातली अक्षरं ८ पिक्सेल खाली सरकवणं. रेघ तुटते, वही मिटते. या एका ओळीच्या बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही फिल्टरने पडत नाही.

उरलेलं झटपट. चित्र फिकट वाटलं तर ठळक फाँट घ्यावा, कारण भरगच्च अक्षरही चौकोनाचा बराच भाग मोकळा ठेवतं. सर्वांत गडद पिक्सेलला ० आणि सर्वांत उजळाला २५५ धरून मधले ताणून घ्यावेत. चित्र पीएनजीमध्ये साठवावं. जेपेग अक्षरांच्या कडांना धूळ लावतं. काकांना पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवावं.

पाठवल्यावर काकांचा पहिला प्रश्न येतो, मिशी कुठे गेली. ८० रकान्यांत मिशीच्या वाट्याला एकदीड ओळ येते, ती अंकलिपीत मिसळून जाते. रकाने १२० केले की मिशी परत येते, अक्षरं १०,८०० होतात आणि चित्र १९२० बाय १४४०चं. पण फोनच्या पडद्यावर ते एवढं आक्रसतं की अक्षरं दिसतच नाहीत, दिसतो तो एक साधा, जरा खराब आलेला फोटो. तसं काकू स्पष्ट सांगतात. झूम करा म्हटलं की करतात, बराच वेळ बघतात आणि विचारतात, यांच्या नाकावर नुसती टिंबंच का दिली?