चष्म्याने नंबर वाढत नाही

‘मुलांना सतत चष्मा लावू नका, नंबर वाढतो, गाजराचा रस द्या’ हा संदेश गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे. लघुदृष्टीत (दूरचे नीट न दिसणे) नेत्रगोल लांबट होतो, म्हणून फळा पुसट दिसतो. वाढत्या वयात नंबर वाढतो तो त्यामुळे. गाजराने अ जीवनसत्त्वाची उणीव भरते, नंबर उतरत नाही.

धोका चष्मा टाळण्यात आहे. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल, तर एक डोळा आळशी होतो, म्हणजे मेंदू त्याचा वापर टाळू लागतो, आणि वयाच्या 7-8 वर्षांनंतर तो सुधारणे फार कठीण जाते. शाळाप्रवेशाआधीच तपासणी करा, तीही बाहुली मोठी करणारे थेंब घालून; नाहीतर उणे (लघुदृष्टीचा) नंबर खऱ्यापेक्षा जास्त निघू शकतो. पावसाने उघडीप दिली की मुलांना बाहेर सोडा, रोज 2 तास. बाहेरच्या उजेडाने लघुदृष्टीचा धोका कमी होतो आणि माडांच्या सावलीतही घरापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो.