माणसं कमी म्हणून बस नाही?

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत बस का वाढवत नाहीत म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, माणसंच कुठे आहेत तिथे. परवा एका सायबाने मलाही तेच ऐकवलं, वर "आता घरोघरी स्कूटर आहे रे, बसमध्ये बसणार कोण" हे पण. स्कूटर आहे हो, कोण नाही म्हणतो, पण ती घेऊन घरातला पोरगा सकाळी पिसुर्ल्याच्या नाहीतर होंड्याच्या फॅक्टरीत ड्युटीला जातो तो संध्याकाळीच येतो, मग मागे राहिलेली आई, आजी, शाळेची पोरं यांनी कसं जायचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) गोव्यात शंभरातल्या 45 घरांकडे कार निघाली, देशात पहिला नंबर, सगळे खूश. पण कार दारात असली म्हणून आजीला दुपारी तालुक्याच्या गावी, वाळपईला डॉक्टरकडे कोण नेणार ते त्या आकड्यात येत नाही.

आणि माणसं कमी म्हणता तर तो हिशोब पण जरा बघा. 2001 ला गोव्यात गावात राहणारे होते 6 लाख 77 हजार, 2011 ला झाले साडेपाच लाख. एवढी माणसं काय गाव सोडून पळाली? बरीचशी जिथल्या तिथेच आहेत, त्यांची गावंच जनगणनेने शहरांच्या यादीत टाकली. लोकसंख्या 5000 च्या वर, दर चौरस किलोमीटरला निदान 400 माणसं आणि 75 टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेर, की झालं सेन्सस टाऊन! कळंगुटला अजून पंचायतच आहे पण जनगणनेत ते टाऊन. अशाने गोवा झाला 62 टक्के शहरी आणि प्लॅनिंगवाल्यांच्या डोक्यात बसली ती शहराची वाहतूक. आमची अख्खी सत्तरी तेव्हा 63 हजार, किनाऱ्याकडचा बार्देस तालुका आकाराने तिच्या अर्ध्याएवढा पण माणसं 2 लाख 37 हजार, मग बस कुठे धावणार ते सांगायला नको. त्यात हे आकडे पण 2011 चे, 2021 ची जनगणना झालीच नाही, आता 2027 ची वाट बघा.

आमच्या वाड्यावरची एक काकी वाळपईच्या बाजारात भाजी विकते, चवथीच्या आधी माटोळीचं सामान, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळं-भाज्या. सकाळच्या गाडीत टोपली, पिशव्या, वर एक कणगांचं (कंद असतात ते) बोचकं, कंडक्टर कटकट करतो पण हात देऊन वर चढवतो, माणूस चांगला आहे तो. प्रॉब्लेम परतीचा. दुपारची गाडी पकडायची तर माल अर्धा तसाच राहतो, म्हणून ती पडेल त्या भावाला देऊन टाकते, आणि गाडी चुकलीच तर रिक्षावाल्याला जे द्यावं लागतं त्यात दिवसाची कमाई गेली. मी म्हटलं, काकी, पोराला फोन करायचा ना. तर म्हणाली, "त्याची अर्धी पाळी मोडून त्याला बोलावू काय रे बाबा?"

पोरींचंही तेच. हायर सेकंडरीत प्रॅक्टिकल लांबलं की शेवटची गाडी गेलेली असते, मग बाप म्हणतो वाळपईतच खोली घेऊया, एक वर्ष आई पोरीसोबत तिकडे राहते, पुढच्या वर्षी धाकटाही तिकडच्या शाळेत, आणि गावातल्या घराला कुलूप, फक्त चवथीला नि शिगम्याला उघडतं. मग साहेब म्हणणार, बघा, माणसं नाहीत! अरे बाबांनो गाडी आधी गेली, माणसं मागून गेली.

मोठी बस कोणी मागत नाही. मिनीबस पुरे, पण कॉलेज सुटल्यावर एक आणि बाजार उठल्यावर एक, आणि रोज येणारी, मनात आलं तर येणारी नको. खासगी बसेस कदंबाच्या, म्हणजे सरकारी बस महामंडळाच्या, छत्राखाली आणायची म्हजी बस योजना 2023 ला सुरू झाली ना, मग त्यात पणजी-मडगावच्या जोडीला वाड्यांचे रूट पण घाला. तिकिटाच्या पैशांवर ते रूट कधीच फायद्यात येणार नाहीत हे मलाही कळतं, नळाचं पाणी तरी कुठे फायद्यात येतं?

पंचांनी हे ग्रामसभेत मांडा म्हणून सांगितलंय. मांडतो. फक्त ग्रामसभा रविवारी आणि रविवारी आमच्याकडे गाडी बंद, तेव्हा वरच्या वाड्यावरच्यांनो, ज्यांच्याकडे जीप-पिकअप आहे त्यांनी म्हाताऱ्यांना घेऊन या, मोकळ्या सीट किती ते खाली कमेंटमध्ये टाका.