सात जणांचं एकच उत्तर

"काकू, गणिताचं नंतर बघू, त्याला आधी चार मुलांत मिसळायला शिकवा." ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलाला माझ्याकडे ट्युशनला घालायला आलेले आईवडील पहिल्या पाच मिनिटांत हे म्हणतातच. त्यांची कळकळ खोटी नसते. पण हल्ली मी त्यांना उलट विचारते, ती चार मुलं एकत्र बसून काय करतात ते कधी नीट बघितलंय का तुम्ही? मी रोज संध्याकाळी बघते, बडोद्यातल्या रावपुऱ्यात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, आठवी ते दहावीच्या बॅचेस घेताना. बाकीच्यांसारखं वागणं या मुलांना कळतच नाही, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. त्यांना ते दिसतं, बऱ्याचदा आपल्यापेक्षा स्वच्छ दिसतं. ते कशासाठी करायचं, एवढं त्यांना कुणी सांगत नाही. सांगणार कोण? आपण कधी स्वतःला विचारलेलं नसतं.

(पुढचं सगळं मुलांना आणि घरच्यांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, तेव्हा कमेंटमध्ये 'हा अमक्यांचा का?' असं विचारू नका.)

नववीची बॅच, वर्तुळाचा धडा. केंद्रापाशी १४० अंशांचा कोन दिला होता आणि परिघावरच्या एका बिंदूपाशी होणारा कोन विचारला होता. बॅचमधल्या सगळ्यात हुशार मुलाने निम्मं करून ७० सांगितलं. मग काय, खोलीभर ७०. जो तो वहीत वर बघून खाली लिहितोय. कोपऱ्यातला एकटा म्हणाला, ११०. बिंदू लघुकंसावर, म्हणजे वर्तुळाच्या लहान तुकड्यावर होता, म्हणून आधी ३६० मधून १४० वजा करायचे आणि मग निम्मं करायचं. त्याचं बरोबर होतं. पण मी काही बोलायच्या आत शेजारची मुलगी त्याला म्हणाली, "अरे, बधाने सित्तेर आव्युं छे!" सगळ्यांचं सत्तर आलंय. त्याने मान वर न करता उत्तर दिलं, "सगळ्यांचं नाही आलं. एकाचं आलंय, सहा जणांनी त्याचं बघितलंय. म्हणजे ते एकच उत्तर आहे."

संख्याशास्त्र शिकवताना ही गोष्ट मुलांच्या गळी उतरवायला मला फळा भरून लिहावं लागतं. मताला मत जोडून गर्दी होते, पण ती मतं एकमेकांवरून उतरवलेली असतील तर गर्दीला काही किंमत नसते.

यातलाच एक जुना प्रयोग आहे. १९५१ मध्ये सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कॉलेजातल्या मुलांना रेघा दाखवल्या आणि विचारलं, या तिघींपैकी कुठली रेघ बाजूच्या एकट्या रेघेएवढी आहे? उत्तर लहान मुलालाही यावं इतकं सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवून ठेवलेले होते. ते एकामागून एक ठामपणे चुकीची रेघ सांगत. बिचारा जो खरा परीक्षार्थी, त्याची पाळी शेवटाकडे. सुमारे तीनचतुर्थांश मुलांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून बाकीच्यांची री ओढली. २०१४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हाच प्रयोग मुलांना झेपेल असा करून पाहिला, तेव्हा ऑटिस्टिक मुलं इतर मुलांपेक्षा कमी वेळा गर्दीबरोबर गेली.

लगेच 'वा, काय स्वतंत्र बुद्धी!' म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. आणि 'बिचाऱ्याला समाजाचं भान नाही' असंही नको. कोपऱ्यातल्या त्या मुलाला सहाजण काय म्हणतायत ते पूर्ण माहीत होतं, त्याने ते मोजलंसुद्धा होतं.

बाकीच्यांची बाजूही मांडते, नाहीतर माझ्याच बॅचची पोरं रुसतील. न विचारता नक्कल करण्यात माणसाचं मोठं बळ आहे. २००५ मध्ये चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुलं यांच्यावर एक प्रयोग झाला. पेटीतून खाऊ काढायचा, पण दाखवणारा माणूस आधी विनाकारण पेटीवर काठी ठोकतो. पेटी पारदर्शक केली आणि ठोकण्याचा काही उपयोग नाही हे दिसायला लागलं, तशी चिंपांझींनी ती पायरी गाळली. माणसांची मुलं मात्र इमानेइतबारे ठोकत राहिली. हसू येतं, पण स्वयंपाक, शेती, पूजा, शस्त्रक्रिया हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या असंच उतरत आलंय. आधी जसंच्या तसं करायचं, कारण कळलं तर पुढे कधीतरी कळणार. २०१३ मध्ये याच धर्तीवर झालेल्या एका प्रयोगात ऑटिस्टिक मुलांनी त्या बिनकामाच्या पायऱ्या इतर मुलांपेक्षा कमी उचलल्या. खेळणं काढायचंय ना, मग काढलं.

म्हणजे आमच्या कोपऱ्यातल्यांचा प्रश्न एकच असतो, ही पायरी कशासाठी आहे?

दहावीतली एक मुलगी आहे, तिचं ऐका. आपल्याकडे नवरात्रात बायकांचे रंग ठरतात. बडोद्यातल्या मराठी घरांतही आता व्हॉट्सॲपवर तक्ता फिरतो आणि बँकेपासून भिशीपर्यंत सगळ्याजणी त्या रंगात. हिने वर्गातल्या मुलींना विचारलं, हे कुठल्या पोथीत आहे? कुणाला माहीत नव्हतं. हिने दोन-तीन वर्षांचे तक्ते समोरासमोर ठेवले आणि शोधून काढलं की रंग तिथीवर नाहीत, वारावर आहेत. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा. देवीच्या कुठल्या रूपाशी संबंध लावावा, तर दरवर्षी रूप तेच आणि रंग वेगळा. मग घरी मोठ्यांना विचारून कळलं की ही प्रथा मुंबईच्या एका मराठी वर्तमानपत्राने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत रुजवली. तिने हे मैत्रिणींना मोठ्या आनंदाने सांगितलं. मुली चिडल्या. हिला कळेना, खरी माहिती दिली तर राग कसला?

पण त्याच मंगळवारी ती लाल कुर्ता घालून आली. मी म्हटलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "लाल घातल्यावर त्यांना बरं वाटतं, आणि मला लाल चालतो. करड्याच्या दिवशी नाही घालणार, तो कपडा टोचतो. पण हे देवीसाठी आहे असं मला म्हणायला लावू नका."

हीच मुलगी गरब्याला मात्र वेडी आहे, शेरीतल्या लहान गरब्यात कानात कापूस घालून तासन्‌तास फिरते. मी विचारलं, इथे तर सगळे अगदी एकसारखं करतात, मग हे कसं चालतं तुला? तिच्या मते हे उघड होतं. गरब्यात सगळे एका दिशेने फिरतात, कारण कुणी उलटं फिरलं तर टक्कर होईल. तीन टाळ्यांचा गरबा म्हणजे तीनच टाळ्या, मध्येच साडेतीन होत नाहीत. पावलं चुकली तर बाहेर निघून बघायचं, कळलं की परत शिरायचं, कुणी हसत नाही. "आणि मधल्या सुट्टीत नियम रोज बदलतात, आणि बदलले हे फक्त मला सांगत नाहीत." ऑटिस्टिक मुलांना नियम नकोसे असतात, ते बंडखोर असतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. माझ्याकडे एक मुलगा होता, तो तर रांग मोडणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवायचा. नियमांचा एवढा कैवारी बाकीच्या बॅचमध्ये शोधून सापडला नसता, आणि त्यामुळे तो कुणाला आवडायचा नाही हेही खरं.

आता आपल्या शहराची गोष्ट. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराज पंचम जॉर्जसमोर पुरते दागदागिने न घालता गेले, एकदाच वाकले आणि पाठ करून परतले, म्हणजे दरबारी रिवाज मोडला, हे बडोद्याच्या मराठी माणसाला तोंडपाठ असतं. मुद्दाम केलं की गडबडीत झालं यावर वाद आहे, पुढे महाराजांनी दिलगिरीचं पत्रही दिलं. तरी आपण ती गोष्ट छाती फुगवून सांगतो. मी बॅचला सांगितली तेव्हा कोपऱ्यातला म्हणाला, "म्हणजे एकदा वाकणं ही चूक नव्हती. सगळ्यांनी बघितलं ही चूक होती." त्याच्या डायरीत त्याच आठवड्यात शाळेतून शेरा आला होता, सगळ्यांबरोबर सुरात 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणत नाही म्हणून. तो बाईंना रोज एकट्याने नमस्कार करतो, हे शेऱ्यात नव्हतं.

कोण बघतंय, यावर आपलं किती वागणं उभं आहे बघा. २०११ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. माणसांना देणगी द्यायची की पैसे ठेवायचे ते ठरवायला सांगितलं, कधी एकट्याने, कधी कुणीतरी बघत असताना. ऑटिझम नसलेल्या लोकांनी कुणी बघत असताना जास्त दिलं. ऑटिस्टिक लोकांच्या देणगीत बघणाऱ्यामुळे फरक पडला नाही. कुणी बघतंय हे त्यांच्या लक्षातच आलं नसेल म्हणावं, तर तसंही नाही. लक्ष लावून करायच्या दुसऱ्या एका कामात बघणारा असताना त्यांचंही काम सुधारलं होतं. दानधर्मावर मात्र त्याचा परिणाम नाही. आपल्याकडे देवळाच्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं, त्यामुळे हा निष्कर्ष वाचून मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

आणखी एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पैसे तुम्हाला मिळणार, पण त्याबरोबर एका वाईट कामालाही पैसे जाणार, घ्याल का? इतर लोक कुणी बघत नसताना जास्त सहज 'हो' म्हणाले. ऑटिस्टिक लोकांनी बघितलं काय नि न बघितलं काय, असे पैसे जास्त वेळा नाकारले. आणि संशोधकांनी याचा अर्थ काय लावला? की हे लोक वाईट परिणामांना वाजवीपेक्षा जास्त वजन देतात, स्वतःचा फायदा असूनही लवचीक होत नाहीत. त्यावर जगभरातल्या ऑटिस्टिक लोकांनी चांगलंच फैलावर घेतलं, ते योग्यच होतं. चारचौघांत एक आणि एकट्यात दुसरं वागणं हे निरोगी, आणि दोन्हीकडे सारखं वागणं हे लक्षण! आमच्या आजीच्या भाषेत याला उलटी गंगा म्हणतात.

पण कौतुकाने पोट भरत नाही. या मुलांना एकटेपणा जाचतो. 'त्यांना मित्र नकोच असतात' हे सरसकट म्हणणं सपशेल खोटं आहे. एक मुलगी वर्षभर वर्गातल्या दोघींची हसण्याची लकब, केस मागे टाकण्याची पद्धत, 'शुं यार' म्हणण्याचा सूर सगळं घटवून बसली होती. शाळेत कुणाला संशयही आला नाही. घरी आल्यावर मात्र दिवा बंद करून जेवणापर्यंत पडून राहायची, आणि आईला वाटायचं थायरॉइड आहे. मिसळायला शिकवा म्हणणाऱ्यांना बहुतेक हेच हवं असतं, फक्त त्याची किंमत कोण मोजतंय ते दिसत नाही. आणि एवढं करून समोरचा स्वीकारेलच असंही नाही. २०१७ च्या एका अभ्यासात लोकांना ऑटिस्टिक माणसांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या, तेवढ्यावरच त्यांना नापसंती मिळाली. तेच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं, तर नापसंती गायब. म्हणजे काय बोलतात याला कुणाची हरकत नव्हती.

म्हणून माझ्या बॅचमध्ये मी मिसळण्याचा तास ऑटिस्टिक मुलांसाठी घेत नाही. सगळ्यांसाठी घेते. न सांगितलेले नियम मोठ्याने सांगायचे, एवढाच अभ्यासक्रम. 'कोणी कसा आहेस विचारलं तर खरं उत्तर द्यायचं की नाही?' 'ग्रूपवर सगळ्यांनी हसरा चेहरा टाकला तर मी टाकलाच पाहिजे का?' वाद होतात, सेव-उसळीच्या डब्यावर भांडणंही होतात. 'हे असलं दुनियेत चालणार नाही, नोकरीत वाकावंच लागतं' असं एका बाबांनी मला सुनावलं. मान्य आहे. कुठे वाकायचं हे मुलांना सांगा की, पण कारणासकट सांगा, आणि जिथे कारण नाही तिथे 'उगाचच' असं खरं सांगा. 'उगाचच' हे कारण ही मुलं समजून घेतात, मी बघितलंय. 'सगळे करतात म्हणून' एवढं मात्र त्यांना पुरत नाही.

सध्या दहावीच्या निरोप समारंभाचं चाललंय. सगळ्या मुली साडी नेसणार असं ठरलंय म्हणे. आमच्या लाल कुर्तेवालीने बॅचमधल्या मुलींना एकेकीला विचारलं, कुणी ठरवलं? हिला वाटलं तिने, तिला वाटलं हिने, शेवटी कुणीच ठरवलेलं निघालं नाही. दोघींना तर साडी मुळीच नको होती, पण बाकीच्यांना हवी असेल म्हणून आयांच्या साड्या ब्लाउजसकट फिटिंगला टाकून झाल्या होत्या. मानसशास्त्रात यावर १९३१ पासून लिखाण आहे, जो तो समजतो की आपण सोडून बाकी सगळ्यांना पटलंय. त्या दोघी आता ड्रेस घालणार आहेत. तिघींना साडी खरंच हवीय, त्या नेसतील. आणि ही? निऱ्या पायात येतात का आणि काठ टोचतो का, ते घरी तासभर नेसून बघणार, मग सांगणार. रविवारपर्यंत विचारू नका म्हणालीय.