हात दाखवून अवलक्षण

परवाच्या रविवारी चुलतभावाचं साक्षगंध होतं, मानेवाडा रोडकडच्या एका लॉनवर. जेवणाआधी हात धुवायला बेसिनपाशी गेलो, बाही वर सारली आणि मनगटातलं चांदीचं ब्रेसलेट उघडं पडलं. शेजारी नवरीकडचे एक काकाजी उभे होते. त्यांनी आधी ब्रेसलेट पाहिलं, मग मला पाहिलं, मग मागच्या मंडळींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "काहून भाऊ, बांगड्या भरल्या का हातात? डझनभर तरी घ्याच्या होत्या!"

चार जण हसले. मीही हसलो. साक्षगंधात दुसरं काय करता येतं?

घरी येईस्तोवर मात्र मला पटलं की काकाजींचं बोलणं लाखमोलाचं आहे. पुरुषानं दागिने घालूच नयेत. मग काय घालावं? त्याचं उत्तर त्यांच्याच दोन्ही हातांवर होतं. ते बघून काही नियम काढले आहेत, समस्त नागपूरकर पुरुषांच्या सोयीसाठी देतो.

सगळ्यात आधी हे ध्यानात घ्या की दागिना घातला तर चालतो, फक्त त्याला दागिना म्हणायचं नाही. "आवडलं म्हणून घातलं" हे तर मेल्यावरही कबूल करू नका. कारण सांगा. ग्रह सांगा, गुडघा सांगा, नाहीतर देव सांगा.

यात ग्रह सर्वात उत्तम. काकाजींच्या हातात मी सहा अंगठ्या मोजल्या. तर्जनीत पुष्कराज, मधल्या बोटात नीलम आणि त्यालाच खेटून काळ्या घोड्याच्या नालेची, अनामिकेत पोवळं, करंगळीत पाचू. सहावी डाव्या हातात, सोन्याची, वर गणपती. एकट्या शनीला दोन अंगठ्या, म्हणजे त्यानं यांचं केवढं घोडं मारलं असेल बघा. आता शास्त्र असं की खडा कातडीला टेकला पाहिजे, म्हणून अंगठीचं कोंदण खालून उघडं ठेवतात. तिथून ग्रहाची किरणं अंगात शिरतात म्हणे. किरणांचं मला ठाऊक नाही. रस्सा शिरतो, तो मी पाहिला. पंगतीत काकाजी नेमके माझ्यासमोर बसले आणि पाटोडीचा रस्सा चांगला दोन बोटं तर्रीवाला होता. त्यांनी पाटोडी कुस्करली, पाचही बोटं बुडवून पोळीचा काला केला. पिवळ्या पुष्कराजाभोवती लाल कडं उमटलं. मग वडाभात आला, त्यावर फोडणीचं तेल आलं, आणि भाताची शितं नीलम आणि घोड्याची नाल यांच्या मधल्या फटीत जाऊन बसली. शनीलाही नैवेद्य पोचला. जेवण आटोपल्यावर त्यांनी दात कोरायची काडी उचलली. मला वाटलं, दात कोरतील. त्यांनी आधी अंगठ्या कोरल्या. एकेक शीत काढून पत्रावळीच्या काठाला पुसलं. आणि मग, मायबाप वाचकहो, त्याच काडीनं दात कोरले. मला मठ्ठा जाईना. ह्या हातानं हा माणूस माझ्या भावाला कुंकू लावून आला होता, आणि ह्या तोंडानं मला बांगड्या विचारत होता! पण त्याच्या हातात बांगडी नव्हती. बाकी काय वाट्टेल ते होतं, बांगडी नव्हती.

असो. नियमांकडे वळू.

गुडघा दुखत असेल तर तांब्याचं कडं घाला. ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी ७० संधिवाताच्या रुग्णांना आळीपाळीनं तांब्याची कडी, चुंबकाचे पट्टे आणि चुंबकाचा जोर काढून टाकलेले पट्टे घालायला दिले होते. २०१३ मध्ये त्याचा निकाल छापून आला: दुखणं, सूज, कशातच म्हणावा असा फरक नाही. पण ते इंग्रज. त्यांच्या तांब्यात तो गुण कुठला?

धागा बांधला की कुजून आपोआप गळेपर्यंत सोडायचा नाही.

स्टीलचं कडंही उत्तम. शिखांच्या हातात ती श्रद्धेची खूण असते. आपल्या पोट्ट्यांच्या हातात ते फुटाळा तलावावर बाटलीचं झाकण उघडायच्या कामी येतं.

सोन्याची साखळी घेणार असाल तर बैल बांधता येईल अशीच घ्या आणि शर्टाची वरची तीन बटणं शिंप्याकडून काढूनच आणा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ती छातीवर तापलेल्या तव्यासारखी चटके देते, पण इज्जत म्हटली की सोसावंच लागतं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, लागतो. हा कोणाच्याही साखळीवर शोधायला जाऊ नका. एक ग्रामवाली निघाली तर मैत्री तुटते. घामानं कॉलर हिरवी झालेली दिसली तरी आपण उन्हाचं बोलावं.

इतिहासाचा अभिमान बाळगा, पण चित्रं बघू नका. चित्रात पेशव्यांच्या कानात भिकबाळी दिसते, गळ्यात मोत्यांचे कंठे, पागोट्यावर शिरपेच. आपल्याकडे लढाईत मर्दुमकी गाजवणाऱ्याला सोन्याचं कडं बक्षीस मिळायचं, तेही हातातच घालायचं असायचं. काकाजींच्या मोबाइलच्या कव्हरवर विठोबा होता. कानात मकरकुंडलं, गळ्यात कौस्तुभमणी. त्याला अजून कोणी विचारलेलं नाही, काहून बा, डझनभर तरी घ्याच्या होत्या.

आणि शेवटचा, सगळ्यात मोलाचा नियम. कोणाची लाज काढायची असेल तर बांगड्यांचं नाव घ्यायचं. साहेब फाइल हलवत नाही? बांगड्यांचा आहेर. नळाला पाणी नाही? बांगड्यांचं ताट घेऊन मोर्चा. बायको, आई, बहीण जी वस्तू रोज हातात घालते ती आपल्याकडे पुरुषाला शिवी म्हणून चालते, आणि तेच ताट धरायला मोर्चात बायकांनाच पुढं उभं करतात. वर सगळे टाळ्या वाजवतात.

जाऊ द्या. नियम संपले, मला आता ते नाटक जमत नाही.

काकाजी, ते ब्रेसलेट माझ्या आजीच्या तोड्यांचं आहे. नरखेडकडच्या गावात ते तोडे पायात घालून तिनं विहिरीचं पाणी शेंदलं, संत्र्याच्या बागेला वाफे केले, पाच लेकरं वाढवली. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तोडे कोणी एकानं ठेवायचे म्हटलं की भांडणं होतात, म्हणून आम्ही चार नातवंडांनी ते इतवारीत नेऊन आटवले. सोनारानं घट धरली, घडणावळ लावली, आणि माझ्या वाट्याला पाच तोळे आले. त्याच्या आतल्या बाजूला जुन्या नक्षीचा एक तुकडा मी मुद्दाम न आटवता बसवून घेतला आहे. हे सगळं मी तुम्हाला बेसिनपाशी सांगू शकलो असतो. पण का सांगायचं? नुसतं आवडलं म्हणून बाजारातून आणलं असतं तरी तुमचं काय जात होतं?

माझ्या आईच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या. एकदा बाबांच्या दुकानासाठी, एकदा माझ्या कॉलेजच्या फीसाठी. एकदाच सुटल्या. आमच्या घरात दोन्ही वेळा कामाला आला तो बाईच्या हातातला दागिना. तुमच्या सहा अंगठ्या कोणाच्या कामाला आल्या, सांगा बरं. स्वतःच्या नशिबाला घाबरून बोटं भरून टाकायची आणि दुसऱ्याच्या मनगटाकडे बघून दात काढायचे, याला मर्दपणा म्हणतात का तुमच्याकडे? लाज वाटायला पाहिजे. लग्नाच्या घरात, चार पाहुण्यांत, नव्या सोयऱ्याला हिणवून तुम्हाला काय मिळालं? आणि तुमच्या शेजारी काकू उभ्या होत्या, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या घालून. त्या हसल्या नाहीत. तुम्ही तेही पाहिलं नाही.

लग्न पुढच्या महिन्यात आहे, त्याच लॉनवर. मी ब्रेसलेट घालूनच येतो. तुमच्यासाठी बेसिनपाशी एक जुना टूथब्रश ठेवायला सांगितलं आहे.