एक्सचेंज ‘कार्बन न्यूट्रल’ झालं म्हणून बाजार हिरवा होत नाही

गुंतवणूकदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: शेअर बाजार कागदमुक्त झाला, त्यामुळे त्याचं उत्सर्जन संपलं; मोठी एक्सचेंजेस, म्हणजे शेअर बाजार चालवणाऱ्या संस्था, आता ‘कार्बन न्यूट्रल’ आहेत; म्हणजे तिथे नोंदलेल्या कंपन्यांत पैसे घालणं ही हरित गुंतवणूकच. हेतू चांगला असेलही, हिशेब मात्र चुकलाय.

आधी कागदाचं. 1995 मध्ये मुंबई शेअर बाजारात (बीएसई) संगणकावरून सौदे करणारी ‘बोल्ट’ प्रणाली आली आणि दलाल स्ट्रीटच्या रिंगणातला ओरडा थांबला. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात ठेवले जाऊ लागले आणि सर्टिफिकिटांचे गठ्ठेही गेले. इथवर मेसेज बरोबर आहे. पण कागदाच्या जागी वीज आली. आज बडे ब्रोकर आपले सर्व्हर एक्सचेंजच्याच डेटा सेंटरमध्ये ठेवतात. याला को-लोकेशन म्हणतात. शेअरचे सौदे सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन, सर्व्हर आणि त्यांना गार ठेवणारी यंत्रणा मात्र चोवीस तास. अल्गो ट्रेडिंगमध्ये, म्हणजे संगणक-प्रोग्रामने आपोआप होणाऱ्या व्यवहारांत, ऑर्डरी टाकल्या, बदलल्या आणि रद्द केल्या जातात. त्यांतल्या बहुतेकींचा सौदा होतच नाही, तरी प्रत्येकीवर मशीन राबतंच. मुंबईच्या विजेत ट्रॉम्बे आणि डहाणूच्या औष्णिक केंद्रांचा वाटा आहे, आणि देशाच्या ग्रिडवर सरासरी एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

मग हा धूर कोणाच्या खात्यावर? सर्व्हर ब्रोकरचा, जागा आणि वीजजोडणी एक्सचेंजची. उत्सर्जनाच्या हिशेबाची हद्द कशी आखली त्यावर ही वीज एक्सचेंजच्या स्कोप 2 मध्ये, म्हणजे विकत घेतलेल्या विजेत धरली जाते, किंवा भाड्याने दिलेल्या मालमत्तेखाली स्कोप 3 मध्ये, म्हणजे व्यवसायाशी जोडलेल्या इतरांच्या उत्सर्जनात सरकते. स्कोप 3 चं कोष्टक अर्धवट भरायची पद्धत जुनीच आहे. तेव्हा दोन एक्सचेंजेसचे आकडे शेजारी ठेवून ‘हे जास्त स्वच्छ’ म्हणण्याआधी हद्द कुठे आखली ते बघा.

‘कार्बन न्यूट्रल’चा अर्थही शून्य उत्सर्जन असा नाही. अमेरिकेतलं नॅसडॅक एक्सचेंज 2018 पासून स्वतःला कार्बन न्यूट्रल म्हणवतं, पण त्यात अक्षय ऊर्जेची प्रमाणपत्रं (दुसरीकडे तयार झालेल्या हरित विजेचं श्रेय) आणि कार्बन क्रेडिटची (दुसरीकडे झालेल्या उत्सर्जन-कपातीचं श्रेय) खरेदी धरलेली आहे. प्रमाणपत्र घेतलं की स्कोप 2 चा आकडा खाली येतो. तारेतून येणारी वीज तीच राहते. म्हणून तर उत्सर्जन मोजण्याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या जीएचजी प्रोटोकॉलने 2015 मध्ये सांगितलं की दोन्ही आकडे द्या, ग्रिडच्या सरासरीने निघणारा आणि खरेदी-कराराप्रमाणे निघणारा. जाहिरातीत कोणता येतो हे सांगायला नकोच. लंडन स्टॉक एक्सचेंज ग्रुपचं उद्दिष्ट मला त्या मानाने सरळ वाटतं: 2019 च्या तुलनेत 2030 पर्यंत उत्सर्जन 50 टक्के कमी. आधारवर्ष, मुदत, प्रमाण असं सगळं दिलेलं असलं की निदान जाब तरी विचारता येतो.

आता मेसेजचं शेपूट, म्हणजे नोंदलेल्या कंपन्या. लासलगावच्या बाजार समितीने कार्यालयावर सौर पॅनेल बसवले म्हणून आवारात आलेला कांदा सेंद्रिय ठरत नाही. एक्सचेंज कंपन्यांचं मालक नसतं, त्यामुळे त्यांचं उत्सर्जन त्याच्या खात्यात येत नाही. यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. पण म्हणूनच एक्सचेंजच्या बिरुदावरून कंपनीबद्दल काहीच कळत नाही.

‘मग कंपन्यांची कार्बन-कामगिरी बघणारा कार्बोनेक्स निर्देशांक आहे ना?’ असं कोणीतरी म्हणतंच. बीएसईने तो 2012 मध्ये आणला. तो बीएसई 100 या शंभर बड्या कंपन्यांच्या निर्देशांकातल्या कंपन्यांचं वजन कार्बन-कामगिरीप्रमाणे कमीजास्त करतो. तेल, सिमेंटवाल्यांना बाहेर काढत नाही.

कंपनीबद्दल जाणून घ्यायचंच असेल तर तिच्या वार्षिक अहवालातलं ‘बीआरएसआर’, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वततेबद्दलचं निवेदन, उघडा. बाजार-नियामक सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांना ते 2022-23 पासून सक्तीचं केलं. त्यात स्कोप 1 (कंपनीने स्वतः जाळलेल्या इंधनासारखं थेट उत्सर्जन) आणि 2 देणं भाग आहे, पण स्कोप 3 ऐच्छिक भागात ठेवलंय. त्यामुळे कोळसा काढणाऱ्या कंपनीच्या अहवालात खाणीवरच्या यंत्रांनी जाळलेलं डिझेल दिसेल; विकलेला कोळसा वीजकेंद्रात जळल्यावर निघणारा धूर तिने स्वतःहून लिहिला तरच दिसेल.